राजदूताची दुसरी खुर्ची

राजदूत निवृत्त होतो तेव्हा तो बरेच काही परत करतो. निवासस्थान, मोटारीवरचा ध्वज, गोपनीय कागदपत्रे, शिष्टाचाराचे विशेषाधिकार. एक गोष्ट मात्र त्याला इच्छा असली तरी परत करता येत नाही, ती म्हणजे यजमान देशाची जाण. कोणत्या खात्यात निर्णय खरोखर कोणाच्या टेबलावर होतो, कोणता मंत्री कोणत्या शब्दांना वश होतो, कोणता विरोध तात्पुरता आहे आणि कोणता टिकणारा, हे त्याला ठाऊक असते. ही जाण मिळवण्यासाठी त्याच्या सरकारने वेतन दिलेले असते आणि यजमान देशाने आपली दारे उघडलेली असतात. मग निवृत्तीनंतर एखादी कंपनी त्या जाणिवेची किंमत मोजते, तेव्हा नेमके काय विकले जाते आणि ते विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण भारतात पुरेशा गांभीर्याने कधी विचारलेला नाही. तो विचारण्यासाठी फ्रँक विझनर यांच्या कारकीर्दीइतके उद्बोधक उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

विझनर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांचा जन्म १९३८ चा. वडील ‘सीआयए’च्या आरंभीच्या काळातील वरिष्ठ अधिकारी. प्रिन्स्टन विद्यापीठातून बाहेर पडताच १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत दाखल झाले. व्हिएतनाममध्ये त्यांनी उमेदवारी केली. पुढे झाम्बिया, इजिप्त आणि फिलिपिन्स या देशांत राजदूत, परराष्ट्र खात्यात आणि संरक्षण खात्यात अवर सचिव अशी पदे त्यांनी भूषवली आणि १९९४ मध्ये ते दिल्लीत आले. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ अमेरिकेने भारतात राजदूतच नेमलेला नव्हता. त्यामुळे इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्याची नेमणूक हीच दिल्लीच्या दृष्टीने दिलासा देणारी घटना होती. चार देशांत राजदूत राहिलेल्या या माणसाच्या व्यावसायिक कौशल्याविषयी त्यांच्या टीकाकारांनीही क्वचितच शंका घेतली असेल.

दिल्लीतील त्यांच्या तीन वर्षांत दोन प्रकरणे ठळक ठरली. पहिले अण्वस्त्रांचे. १९९५ च्या डिसेंबरात पोखरण येथील हालचालींची उपग्रह छायाचित्रे घेऊन विझनर पंतप्रधान नरसिंह राव यांचे प्रधान सचिव अमरनाथ वर्मा यांना भेटले. ती चाचणी त्या वेळी झाली नाही. दुसरे प्रकरण दाभोळचे. ते महाराष्ट्राच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही, तरी त्याचा क्रम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यातील सामंजस्य करार १९९२ च्या जूनमध्ये झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून वित्तपुरवठा नाकारला. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीज खरेदी करार झाला. मंडळाच्या देण्यांना राज्याची हमी आणि राज्याच्या हमीला केंद्राची प्रतिहमी मिळाली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल हे भागीदार होते आणि अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थांचे पाठबळ होते. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. मुंडे समितीच्या अहवालानंतर ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, पुढे फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या जानेवारीत तोच प्रकल्प अधिक मोठ्या आकारात पुन्हा मान्य झाला. त्याच वर्षी मे महिन्यात तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने आपल्या अखेरच्या दिवसांत प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. या सबंध काळात अमेरिकी प्रशासनाने दाभोळची बाजू उघडपणे लढवली. राजदूत या नात्याने विझनर त्या प्रयत्नांच्या अग्रभागी होते.

यात त्यांनी काही गैर केले, असे मी म्हणणार नाही. आपल्या देशाच्या कंपन्यांसाठी शब्द टाकणे हे राजदूताच्या कामाचाच भाग असते. शीतयुद्ध संपल्यावर क्लिंटन प्रशासनाने व्यापाराला परराष्ट्र धोरणाच्या केंद्रस्थानी आणले होते आणि भारताचा समावेश ‘मोठ्या उदयोन्मुख बाजारपेठां’त केला होता. वाणिज्य मंत्री रॉन ब्राऊन १९९५ च्या जानेवारीत उद्योगपतींचा ताफा घेऊन आले, ते याच धोरणानुसार. आपले राजदूतही आज परदेशांत भारतीय औषध कंपन्यांसाठी, सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी, संरक्षण सामग्रीसाठी हेच करतात आणि ते त्यांनी केलेच पाहिजे.

प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. १९९७ च्या जुलैमध्ये विझनर यांनी दिल्ली सोडली. ऑक्टोबरअखेरीस ते ‘एन्रॉन ऑइल अँड गॅस’ या एन्रॉनच्या उपकंपनीच्या संचालक मंडळावर आले. ही उपकंपनी दाभोळची चालक नव्हती, पण भारताशी तिचा संबंध नव्हता असेही नाही. मुंबईलगतच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता आणि ताप्ती क्षेत्रांत ओएनजीसी आणि रिलायन्सबरोबर तिचा तीस टक्के वाटा होता. त्याच वर्षी ‘एआयजी’ या तेव्हाच्या जगातील अग्रगण्य विमा समूहात ते बाह्य व्यवहारांचे उपाध्यक्ष झाले आणि २००९ पर्यंत तेथे राहिले. तेव्हा भारताचा विमा व्यवसाय सरकारी कंपन्यांपुरता बंद होता. १९९९ च्या अखेरीस संसदेने विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा केला, परकीय भांडवलाला सव्वीस टक्क्यांची मर्यादा ठेवून क्षेत्र खुले झाले आणि २००१ मध्ये टाटा आणि एआयजी यांच्या संयुक्त कंपन्या उभ्या राहिल्या.

या घटना एकापाठोपाठ एक घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. विमा क्षेत्र खुले करण्याची शिफारस मल्होत्रा समितीने १९९४ मध्येच केली होती. त्यावर संसदेत आणि बाहेर वर्षानुवर्षे वाद झाला आणि निर्णय भारतीयांनी घेतला. विझनर यांनी कोणताही कायदा मोडला नाही, त्यांनी एखादे गुपित कोणाला दिले असाही पुरावा नाही. माझ्या मते खरी अडचण तीच आहे. गुपिते विकली जात असती तर उपाय सोपा होता, कारण त्यासाठी सर्व देशांत कायदे आहेत. कंपन्या माजी राजदूताकडून विकत घेतात ती गुपिते नसतात. कोणाला, केव्हा आणि कसे भेटावे याचे ज्ञान त्या घेतात आणि त्याने फोन केला तर तो उचलला जाईल याची खात्री घेतात. याला कोणता कायदा चोरी म्हणणार?

येथे अमेरिकेच्या कायद्यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्याच जुन्या खात्याकडे कोणाच्या वतीने रदबदली करू नये, यासाठी त्या देशात एक वर्षाची बंदी आहे. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये आपल्या वरिष्ठ नियुक्त अधिकाऱ्यांसाठी ती आदेशाने पाच वर्षांपर्यंत वाढवली आणि २००० च्या डिसेंबरात, जाता जाता, तो आदेश मागेही घेतला. पण या सगळ्या तरतुदी राखण करतात ती वॉशिंग्टनच्या दाराची. ज्या देशात अधिकारी राजदूत होता, त्या देशाच्या सरकारला त्याने कंपनीच्या वतीने भेटू नये, असे त्या म्हणत नाहीत. ते म्हणणे अमेरिकेचे काम नव्हेच. ते काम यजमानाचे. आणि यजमान म्हणून आपल्याकडे असा कोणताही नियम नाही. परिणामी माजी राजदूताला जेथे सर्वाधिक वजन असते, नेमके तेच दार दोन्ही बाजूंनी विनापहारा राहते.

दुसऱ्या खुर्चीमुळे पहिल्या खुर्चीची विश्वासार्हताही कशी डागाळते, याचा धडा विझनर यांच्याच आयुष्यात पुढे मिळाला. २०११ च्या आरंभी कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले असताना ओबामा यांनी त्यांना होस्नी मुबारक यांच्याकडे दूत म्हणून पाठवले. इजिप्तमधील त्यांचा पाच वर्षांचा अनुभव पाहता निवड समजण्यासारखी होती. पण काही दिवसांतच म्युनिक येथील परिषदेत त्यांनी सत्तांतराच्या काळात मुबारक यांनी पदावर राहणे आवश्यक असल्याचे मत मांडले आणि वॉशिंग्टनला ते त्यांचे व्यक्तिगत मत असल्याचा खुलासा करावा लागला. त्या वेळी ते ज्या कायदेविषयक फर्ममध्ये काम करत होते, तिने इजिप्तच्या सरकारसाठी काम केल्याचेही प्रसिद्ध झाले. विझनर यांनी ते मत प्रामाणिकपणे मांडले असणे पूर्णपणे शक्य आहे. तरीही ते कोणत्या खुर्चीवरून बोलत आहेत, हा संशय ऐकणाऱ्याच्या मनातून जाणार नव्हता. राजनयात शब्दाला किंमत असते ती बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो हे निःसंदिग्ध असते म्हणून. ती निःसंदिग्धता एकदा गेली की प्रामाणिक सल्लाही वाया जातो.

हे सारे परक्या देशाच्या अधिकाऱ्याविषयी लिहिणे सोपे आहे. आपल्या घरात काय चालते? नरेश चंद्र १९९६ ते २००१ या काळात अमेरिकेत राजदूत होते. २००२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कंपन्यांच्या लेखापरीक्षणाविषयी आणि सुशासनाविषयी सरकारला अहवाल दिला आणि पुढे ते ‘वेदांत रिसोर्सेस’च्या संचालक मंडळावर होते. अणुकराराच्या काळात वॉशिंग्टनमध्ये राजदूत असलेले रोनेन सेन निवृत्तीनंतर टाटा मोटर्सच्या संचालक मंडळावर गेले. परराष्ट्र सचिवपदावरून २०१८ च्या जानेवारीत निवृत्त झालेले एस. जयशंकर, जे त्याआधी चीन आणि अमेरिकेत राजदूत होते, ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये टाटा सन्समध्ये जागतिक व्यवहारांचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या मे अखेरीस देशाचे परराष्ट्र मंत्री झाले. यांपैकी कोणावरही मला आरोप करायचा नाही. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही आणि नियमांचे पालन झाले नाही असे मानण्यास जागा नाही. मुद्दा आहे तो नियम कसा आहे हा.

आपल्याकडे ‘अ’ गटातील अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. यालाच ‘कूलिंग ऑफ’ म्हणतात. परवानगी देताना काय पाहावे, हे नियमांत बऱ्यापैकी नीट लिहिलेले आहे. अखेरच्या तीन वर्षांत अधिकाऱ्याकडे संवेदनशील वा व्यूहात्मक माहिती होती का, नव्या कामात हितसंबंधांचा संघर्ष आहे का, ती संस्था देशाच्या परराष्ट्र संबंधांना बाधक काही करते का, देऊ केलेले वेतन त्या उद्योगातील रीतीला धरून आहे का, असे ते निकष. कागदावर हे पुरेसे वाटते. पण या नियमात तीन उणिवा आहेत. पहिली, परवानगी का दिली किंवा का नाकारली याची कारणे जनतेपुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर नाही. जयशंकर यांच्यासारख्या अधिकाऱ्याला वर्षाची अट न लागू होण्यामागे सबळ कारणे असू शकतात, पण ती नागरिकाला वाचायला मिळत नाहीत. दुसरी उणीव, वर्ष सरताच सर्व बंधने एकदम संपतात. तिसरी, नियम मोडल्यास शिक्षा आहे ती निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः रोखण्याची. मोठ्या कंपनीत उच्चपदावर बसणाऱ्याला ही शिक्षा कितपत जाचेल?

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. एक असा, की साठाव्या वर्षी माणूस कामातून संपत नाही आणि उपजीविकेचा हक्क घटनेने दिलेला आहे. दुसरा असा, की भारतीय उद्योग जगभर पसरत असताना जग जाणणारी माणसे त्याला हवीतच. चीनमध्ये किंवा आफ्रिकेत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीला तेथे अनेक वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याचा सल्ला मिळाला, तर त्यात देशाचेच हित आहे. मला हे मान्य आहे. सरसकट मनाई केली तर नोकरीचे रूपांतर ‘सल्लागार’ या नावाखाली होईल आणि जे आज निदान दिसते तेही दिसेनासे होईल. ब्रिटनचा अनुभवही बोलका आहे. तेथे अशा नेमणुकांवर सल्ला देणारी समिती १९७५ पासून होती, पण तिला शिक्षेचे अधिकार नव्हते. वारंवार टीका झाल्यावर २०२५ मध्ये ती गुंडाळून तिचे काम इतर संस्थांकडे सोपवण्यात आले. तेव्हा नुसती बंदी आणि नुसता उपदेश हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत.

उरतो तो नोंदीचा मार्ग, आणि त्याची उपयुक्तता आपण आपल्याच अनुभवातून पाहिली आहे. २००१ ते २००३ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले रॉबर्ट ब्लॅकविल पुढे वॉशिंग्टनमधील एका लॉबिंग फर्मच्या आंतरराष्ट्रीय शाखेचे प्रमुख झाले आणि अणुकरारासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये पाठिंबा मिळवण्याच्या कामी भारत सरकारने २००५ मध्ये त्याच फर्मची मदत घेतली. म्हणजे माजी राजदूताची ओळख विकत घेण्याच्या या बाजारात आपणही ग्राहक होतो. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही, कारण तो व्यवहार नोंदलेला होता. परकीय सरकारसाठी काम करणाऱ्यांनी आपला करार आणि मेहनताना जाहीर करावा, असा अमेरिकेचा १९३८ पासूनचा कायदा आहे. २०१२ मध्ये वॉलमार्टने लॉबिंगवर केलेल्या खर्चाच्या तपशिलात भारतातील किरकोळ व्यापाराचा विषय निघाला आणि संसदेत गदारोळ झाला. सरकारला निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी नेमावी लागली. ती माहितीही आपल्याला मिळाली अमेरिकी कायद्यानुसार सादर झालेल्या कागदांतून. दाभोळसाठी प्रकल्पविकास आणि ‘शिक्षण’ यांवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्चल्याचे एन्रॉनच्या अधिकाऱ्याने सांगितले, तेही अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे. आपल्या धोरणांवर कोण प्रभाव टाकू पाहतो हे कळण्यासाठी आपण परक्या देशाच्या दप्तरांवर अवलंबून आहोत. सार्वभौमत्वाविषयी एवढे बोलणाऱ्या देशाला ही स्थिती शोभत नाही.

माझ्या सूचना चार आहेत आणि त्यांतील कोणतीही क्रांतिकारक नाही. एक, राजदूत आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना ‘कूलिंग ऑफ’मधून दिलेली प्रत्येक सवलत कारणांसह प्रसिद्ध व्हावी. दोन, एक वर्षाची सरसकट अट राहू द्यावी, पण अखेरच्या तीन वर्षांत अधिकाऱ्याने ज्या कंपनीची बाजू अधिकृतपणे मांडली असेल वा जिच्या प्रकरणात निर्णय दिला असेल, तिच्यासाठी अट अधिक काळाची असावी. तीन, निवृत्तीनंतर पाच वर्षे आपली संचालकपदे आणि सल्लागारपदे जाहीर करणे बंधनकारक असावे. वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर परराष्ट्र धोरणाविषयी मत देणाऱ्या माजी राजदूतांच्या बाबतीत याची विशेष गरज आहे, कारण श्रोत्याला त्यांची जुनी खुर्ची सांगितली जाते, चालू खुर्ची सांगितली जात नाही. चार, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना यजमान म्हणून आपण करण्याची. कोणत्याही देशाचा माजी राजदूत वा मंत्री एखाद्या कंपनीच्या वतीने आपल्या मंत्र्याला किंवा सचिवाला भेटला, तर त्या भेटीची तारीख आणि विषय ठरावीक मुदतीत खुला व्हावा. भेटीला मज्जाव नको. फक्त भेट झाली हे नागरिकाला कळावे.

याची किंमत काय, असे विचारणाऱ्याने दाभोळचा शेवट आठवावा. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचेच, तेही डॉलरशी बांधलेल्या हिशेबाने, अशी कराराची रचना होती. मंडळ जितकी कमी वीज घेई तितका दर युनिटमागे वाढे. काही महिन्यांत तो सात रुपयांच्या वर गेला. २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली आणि प्रकल्प बंद पडला. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधी यांच्या भेटीत हा विषय काढला आणि डिसेंबरात एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून नवी कंपनी उभारावी लागली. त्याचा भार आला तो वीज ग्राहकावर आणि सार्वजनिक तिजोरीवर. माधव गोडबोले समितीने २००१ च्या अहवालात बोट ठेवले ते कोणा परकीय राजदूतावर नव्हे. एकामागून एक आलेल्या सरकारांच्या निर्णयप्रक्रियेतील अपयशाकडे तिने लक्ष वेधले.

तो निष्कर्ष मला आजही योग्य वाटतो. विझनर यांनी आपल्या सरकारची नोकरी चोख केली आणि नंतर आपल्या कंपनीचीही. आपल्या बाजूला टेबलापलीकडे जे बसले होते, त्यांच्यासमोर कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे हे विचारण्याची आणि लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. तीन दशकांनंतर भारत अधिक संपन्न आहे, आपल्या कंपन्या जगभर आहेत आणि आपले राजदूतही त्यांच्यासाठी शब्द टाकत आहेत. उद्या आपल्याच एखाद्या माजी राजदूताविषयी ढाका, कोलंबो वा नैरोबीत हेच प्रश्न विचारले जातील. तेव्हा आपल्याजवळ उत्तर असायचे असेल, तर नोंदवही आजच उघडायला हवी.